होतकरू खेळाडू आणि त्याचा मॅनेजर

ज्याच्या गुणांची ख्याति आधींच झाली आहे असा विशीच्या आंतबाहेरचा मुलगा प्रथमच मोठ्या कामावर जातो आणि पहिल्याच पंधरवड्यांत त्याचे हात कांपूं लागतात. अशा वेळीं वडील माणसानें काय करावें? काम त्याच्याच हातीं ठेवावें, त्याहून सोपें काम द्यावें, कीं कांहीं दिवस बाजूस बसवावें? हा प्रश्न प्रत्येक मोठ्या कुटुंबांत, पेढीवर आणि कचेरींत पडतो; परंतु तेथें त्याचा जमाखर्च कोणी लिहून ठेवीत नाहीं. अमेरिकेंतील बेसबॉलच्या खेळांत मात्र तो रोजच्या रोज आंकड्यांत मांडला जातो व दुसऱ्या दिवशीं साऱ्या गांवाच्या तोंडीं होतो. म्हणून तेथील एका जुन्या हंगामाची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें आम्हांस वाटलें.

आपल्याकडे क्रिकेट घरोघर ठाऊक आहे. बेसबॉलची ओळख थोड्यांसच. एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे कीं, यांत नऊ जण ठरलेल्या क्रमानें फलंदाजीस येतात, एका सामन्यांत प्रत्येकाची पाळी साधारण चार वेळां येते, आणि सामने जवळजवळ रोज असतात. १९५१ सालीं हंगामांत १५४ सामने होत. हल्लीं १६२ होतात. दहा पाळ्यांत तीन वेळां चेंडू नीट टोलवून तळ गांठणारा फलंदाज उत्तम समजला जातो. म्हणजे उत्तमांतला उत्तमही दहांपैकीं सात वेळां हात हलवीत परततो! नवशिक्याची व त्याच्या मॅनेजरची खरी अडचण हीच. अपयश हा या खेळाचा नित्यक्रम. तें नित्याचें अपयश कोठें संपतें आणि खरें असामर्थ्य कोठें सुरू होतें, हें पंधरा दिवसांत कोणासच कळत नाहीं. परंतु आज कोणीं खेळावयाचें व कितव्या क्रमांकावर, याची यादी मॅनेजरला सामन्यापूर्वीं लिहावीच लागते.

१९५१ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्क जायंट्स या संघानें विली मेज नांवाच्या वीस वर्षांच्या मुलास बोलावून घेतलें. हा अलाबामा प्रांतांतील कृष्णवर्णीय मुलगा. कृष्णवर्णीयांस मोठ्या संघांचीं दारें उघडून त्या वेळीं चारच वर्षें झालीं होतीं. मिनियापोलिसच्या दुय्यम संघाकडून त्यानें ३५ सामन्यांत शेंकडा जवळजवळ ४८ या प्रमाणांत टोले मारले होते. तरीही मॅनेजर लिओ ड्यूरोशर याचा निरोप आला तेव्हां, मोठ्या संघांतल्या पिचरांपुढें आपला निभाव लागणार नाहीं, असें त्यानें टेलिफोनवर सांगितलें. ड्यूरोशरनें त्याचें प्रमाण विचारलें, आणि याच्या निम्म्यानें तरी माझ्याकडे मारशील ना, अशा अर्थाचें कांहीं बोलून त्यास निघून येण्यास फर्माविलें.

पहिल्या बारा पाळ्यांत एकही टोला नाहीं. तेराव्या पाळींत वॉरन स्पॅन या नामांकित पिचरच्या चेंडूवर त्यानें थेट होम रन मारला. पण पुन्हां शुकशुकाट. २६ पाळ्यांत टोला काय तो एक! मुलगा कपडे बदलण्याच्या खोलींत रडत बसला आणि मला परत मिनियापोलिसला धाडा म्हणूं लागला. ड्यूरोशर हा कांहीं मृदु स्वभावाचा गृहस्थ नव्हे. त्याची जीभ तिखट, आणि १९४७ सालीं त्यास सबंध वर्ष खेळाबाहेर ठेवण्यांत आलें होतें. परंतु त्या दिवशीं तो मुलाजवळ जाऊन बसला आणि त्यानें सांगितलें कीं, मी या संघाचा मॅनेजर आहें तोंवर मधल्या मैदानाची जागा तुझी. आज, उद्यां आणि पुढच्या महिन्यांतही. त्याचबरोबर त्यानें मुलास तिसऱ्या क्रमांकावरून खालीं आठव्यावर नेलें. आमच्या मतें हीच गोष्ट अधिक लक्षांत घेण्याजोगी आहे. जागा काढली नाहीं, फक्त ओझें उतरविलें. नव्या सुनेस सणाच्या पंक्तीचा सारा स्वयंपाक न सोंपवितां चटणी-कोशिंबिरीवर नेमणारी सासू आणि तिला चुलीपासून उठविणारी सासू, यांत केवढें अंतर आहे हें आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नको.

या उदारतेची किंमत दुसऱ्या कोणास तरी पडली, हेंही विसरूं नये. मेजपूर्वीं मधलें मैदान बॉबी थॉमसन सांभाळीत असे. त्यास तेथून हलावें लागलें, व पुढें जुलैंत तो तिसऱ्या तळावर जाऊन स्थिरावला. ऑगस्टमध्यें ब्रुकलिनच्या संघामागें तेरा सामन्यांनीं पडलेला हा संघ शेवटीं बरोबरीस आला, आणि ३ ऑक्टोबरच्या निर्णायक सामन्यांत विजयाचा होम रन मारला तो याच थॉमसननें. त्यापुढची पाळी मेजची होती. वर्षअखेर मेजच्या नांवावर वीस होम रन जमा होते, व उत्कृष्ट नवोदित खेळाडूचा मान त्यासच मिळाला.

आतां त्याच शहरांतील दुसरें घर पाहूं. न्यूयॉर्क यांकीज संघांत त्याच वर्षीं मिकी मँटल हा एकोणीस वर्षांचा पोर आला. ओक्लाहोमांतील शिसें-जस्ताच्या खाणींत राबणाऱ्या बापाचा हा मुलगा. खालच्या तिसऱ्या वर्गांतून उडी मारून तो एकदम शिखरावर आला होता, आणि मैदानांतील नेहमींची जागा सोडून नवीन जागाही शिकत होता. बेब रूथ, गेरिग, डिमॅजिओ यांचे अंक अनुक्रमें ३, ४, ५. मँटलला दिला ६! अपेक्षेचा भार याहून उघड तो काय दाखवावा? चेंडू हुकूं लागले, राग अनावर होऊं लागला, आणि जुलैमध्यें मॅनेजर केसी स्टेंगेल यानें त्यास कॅन्सस सिटीच्या दुय्यम संघाकडे परत पाठविलें. तेथेंही आरंभीं कांहीं जमेना, तेव्हां त्यानें बापास बोलावणें धाडलें. त्यास हवे होते सांत्वनाचे चार शब्द. बापानें येऊन त्याचें सामान भरावयास घेतलें व म्हटलें कीं, भित्रा असशील तर चल, खाणींत काम कर. मुलगा राहिला. तेथें त्यानें ४० सामन्यांत अकरा होम रन मारले, आणि २४ ऑगस्ट रोजीं तो न्यूयॉर्कला परतला तो अंगावर ७ हा अंक घालून.

ड्यूरोशर दयाळू आणि स्टेंगेल कठोर, असा निवाडा पुष्कळ जण करतात. आम्हांस तो पटत नाहीं. मेजची फळी मुकी असतांनाही त्याच्या क्षेत्ररक्षणानें संघाचें काम होत होतें. मँटलजवळ तें भांडवल अजून यावयाचें होतें. शिवाय मिनियापोलिसला मेजनें शिकण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें, आणि मँटल तर मधल्या पायऱ्या चढलाच नव्हता. एकास परत पाठविणें म्हणजे अपमान झाला असता. दुसऱ्यास तें राहून गेलेलें शिक्षण होतें. दोघेही त्याच ऑक्टोबरांत अंतिम मालिकेंत समोरासमोर उभे राहिले, आणि दोघेही पुढें मोठे झाले: मेजचे ६६० होम रन झाले, मँटलचे ५३६. मँटलच्या बापास हें पाहण्याचें भाग्य लाभलें नाहीं. त्या मालिकेंत मँटलचा गुडघा दुखावला. मुलास रुग्णालयांत नेतांना बाप स्वतःच कोसळला, व १९५२ च्या मे महिन्यांत तो वारला.

खरा अन्याय होतो तो तिसऱ्या मार्गानें: खेळूं द्यावयाचें नाहीं आणि पाठवावयाचेंही नाहीं. त्या काळीं असा नियम होता कीं, ठराविक रकमेहून अधिक बक्षीस देऊन घेतलेल्या नवख्यास दोन वर्षें मोठ्याच संघांत ठेवलें पाहिजे. सँडी कोफॅक्स हा डावखुरा पिचर असाच १९५५ सालीं ब्रुकलिनच्या संघांत आला. चेंडूला विलक्षण वेग, पण नेम नाहीं. मॅनेजर वॉल्टर अल्स्टन यास सामने जिंकावयाचे होते. त्यानें वर्षभरांत त्यास अवघे बारा सामने दिले. उरलेले दिवस बांकावर. नेम तर फेंकून फेंकूनच सुधारावयाचा! कोफॅक्सचें खरें तेज प्रगट व्हावयास १९६१ साल उजाडावें लागलें, आणि हाताच्या व्याधीमुळें १९६६ मध्येंच त्यास खेळ सोडावा लागला.

हल्लीं मॅनेजरच्या हातीं पूर्वींइतकी सत्ता उरलेली नाहीं. कोणास वर आणावें व कोणास खालीं धाडावें हें वरिष्ठ चालक ठरवितात, आणि एका खेळाडूस खालीं-वर करण्याची मोकळीक सामान्यतः तीन हंगामांपुरतीच असते. मात्र जो मुलगा संघांत आहे त्यास आज कोणत्या पिचरपुढें उभा करावयाचा, कितव्या क्रमांकावर न्यावयाचा, आणि सलग चार दिवस रिकाम्या हातांनीं परतल्यावर पांचव्या दिवशीं त्याचें नांव यादींत लिहावयाचें कीं नाहीं, हें मॅनेजरसच ठरवावें लागतें. नाहीं लिहिलें, तर तें कां, हेंही त्यानेंच मुलास जवळ बोलावून सांगावयाचें असतें.