गुणी पण कटकटीचा खेळाडू घ्यावा का?

घ्यावा, पण भाव बघून आणि सांभाळणारा असेल तरच. मँचेस्टर युनायटेडनं नोव्हेंबर १९९२ मध्ये एरिक कँटोनाला लीड्सकडून अवघ्या १२ लाख पौंडांत घेतलं. भांडखोर म्हणून त्याचं नाव आधीच झालेलं. तरी २६ वर्षं हुलकावणी देणारं लीग विजेतेपद त्याच मोसमात मिळालं. जानेवारी १९९५ मध्ये त्यानं चक्क प्रेक्षकाला लाथ घातली, सप्टेंबरअखेरपर्यंत बंदी. प्रशिक्षक फर्ग्युसननं त्याला सोडलं नाही. पाच मोसमांत चार विजेतेपदं!

लिव्हरपूलनं २०१४ मध्ये सुआरेझ गेल्यावर बालोटेलीसाठी १ कोटी ६० लाख मोजले. त्या मोसमात लीगमध्ये गोल एकच. २०१६ मध्ये नीसला तो फुकटात दिला.