शंखातल्या खेकड्याची साठ वर्षे

घरातल्या काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढवता येतं, हे 1960च्या आधी फार थोड्यांना पटलं असतं. तेव्हाची खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे तळाशी वाळू, ब्लीच करून पांढरेशुभ्र केलेले प्रवाळांचे सांगाडे आणि भोवती फिरणारे रंगीत मासे. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले की पाण्यात तांब्याचं औषध पडे. योग्य मात्रेतलं तांबं मासे सोसतात, पण खेकडे, कोळंबी आणि गोगलगाईंना ते मारतं. शंखात राहणाऱ्या हर्मिट खेकड्याला अशा टाकीत थाराच नव्हता.

त्याच्यासाठी वाट मोकळी झाली ती जाकार्तातल्या ली चिन एंग यांच्यामुळे. समुद्रातून आणलेले जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी कशी चालते, हे त्यांनी 1961 साली अमेरिकन मासिकात लिहिलं. खडकांच्या छिद्रांत राहणारे जिवाणू माशांच्या उत्सर्जनातला विषारी अमोनिया पचवतात, ही त्यामागची किमया. पुढे बर्लिनच्या हौशी लोकांनी या खडकांना प्रखर दिवे आणि पाण्यातली घाण फेसावाटे काढणाऱ्या प्रोटीन स्किमरची जोड दिली. 1986 साली जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने ‘मिनी रीफ’चं वेड अमेरिकेत पसरवलं.

दिवे आले, तसं शेवाळही आलं. नायट्रेट आणि फॉस्फेट साचलेल्या पाण्यात ते भराभर वाढतं आणि प्रवाळांवर चढतं. त्यावर इलाज म्हणून 1990च्या दशकात हर्मिट खेकडा सफाईच्या कामाला लागला. फ्लोरिडा आणि कॅरिबियन किनाऱ्यावरचा निळ्या पायांचा क्लिबॅनेरियस ट्रायकलर आणि तांबडाभडक पॅगुरिस्टेस कॅडेनाटी ‘क्लीन-अप क्रू’ या नावाखाली घाऊक विकले जाऊ लागले. दर गॅलनला, म्हणजे साधारण पावणेचार लिटरला, एक खेकडा असा हिशेब तोंडोतोंडी झाला.

या हिशेबात खेकड्याची गरज कुठेच धरलेली नव्हती. शेवाळ संपलं की तो उपाशी राहतो. त्याचं पोट मऊ आणि उघडं असतं, म्हणून शंखावाचून त्याला जगता येत नाही आणि शंख त्याला स्वतः घडवता येत नाही. कात टाकून वाढला की मोठा शंख हवाच. टाकीत रिकामा शंख नसेल, तर तो जिवंत गोगलगाईवर चालून जातो. कित्येकांनी त्याला क्रूर ठरवलं. माझ्या मते दोष शंखांच्या टंचाईचा होता, आणि ती टंचाई माणसाने केलेली होती.

शंखांची ही गरज किती खोल आहे, ते 1980च्या दशकात समाजशास्त्रज्ञ इव्हान चेस यांनी दाखवलं. रिकामा शंख दिसला की एक खेकडा त्यात शिरतो, त्याने सोडलेल्यात दुसरा, दुसऱ्याने सोडलेल्यात तिसरा. माणसांच्या नोकऱ्या आणि घरं ज्या साखळीने हातोहात बदलतात, तीच साखळी चेस यांना खेकड्यांत सापडली. म्हणजे टाकीत टाकलेला एक मोठा शंख अनेकांची सोय लावतो.

किनाऱ्यावर काय घडत होतं, याचा हिशेब 2009 साली अँड्र्यू राइन आणि सहकाऱ्यांनी मांडला. फ्लोरिडातल्या नोंदी तपासून त्यांनी दाखवलं की, पूर्वी शोभेसाठी होणारी पकड आता मोठ्या प्रमाणावर सफाईच्या जिवांकडे वळली आहे. जे जीव समुद्रात शेवाळ खाऊन प्रवाळांना जागा मोकळी ठेवतात, तेच जीव टाक्यांसाठी उचलले जात होते. हर्मिट खेकड्यांच्या अळ्या प्लवकांत तरंगत वाढतात. त्या माणसाच्या देखरेखीखाली वाढवणं अवघड, म्हणून बाजारातले जवळजवळ सगळे खेकडे समुद्रातूनच येतात. टाकीत मेलेल्याच्या जागी नवा आणायचा, म्हणजे किनाऱ्यावरचा आणखी एक उचलायचा.

म्हणून जाणत्या पाळणाऱ्यांची रीत बदलली, याचं मला मनापासून समाधान आहे. ते मोजकेच खेकडे ठेवतात. वेगवेगळ्या मापांचे रिकामे शंख टाकीत पसरून ठेवतात. शेवाळ कमी पडलं की समुद्री शैवालाचे तुकडे देतात. तळाशी निपचित पडलेला खेकडा दिसला, तरी ती नुसती कात असू शकते, हे ओळखून लगेच नवा विकत आणत नाहीत.

आपल्याकडे हे शिकायला टाकीचीही गरज नाही. प्रवाळांना भारतात 2001पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, ते समुद्रातून काढणं गुन्हाच आहे. शंखातले खेकडे मात्र मुंबईपासून मालवणपर्यंत ओहोटीच्या खडकांत भेटतात. तिथून पिशवी भरून आणलेला प्रत्येक रिकामा शंख कुणाचं तरी पुढचं घर असू शकतं. साठ वर्षांच्या छंदातून मिळालेलं हे ज्ञान किनाऱ्यावर सहलीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे: शंख बघावेत, हातात घ्यावेत आणि तिथेच ठेवून यावेत.