ढोलाखालची पावलं

तेलुगू ‘शिवा’मध्ये नागार्जुन सायकलची साखळी हिसकून काढतो. तो प्रसंग सांगताना माणसं हटकून हवेत हात ओढून दाखवतात. सोलापूरच्या पूर्व भागात, पद्मशाली विणकरांच्या वस्तीत, मी हे अनेकांना करताना पाहिलं आहे. ऑक्टोबर १९८९ मध्ये आलेला हा रामगोपाल वर्मांचा पहिलाच चित्रपट. माझ्या डोक्यात त्या हातापेक्षा आवाज जास्त रुतला: लोखंड ताणलं गेल्याचा आणि मग ते सुटून आल्याचा. अलीकडचे तेलुगू मारधाडपट मी आवडीनं बघतो, पण त्यातला असा एक तरी आवाज घरी येईपर्यंत का टिकत नाही? हा प्रश्न काही केल्या सुटेना, म्हणून ओळखीतून ओळख काढत मी हैदराबादला, कृष्णानगरच्या एका गल्लीतल्या फोली स्टुडिओत पोचलो.

चित्र बघत बघत त्यातल्या हालचालींचे आवाज नव्यानं काढायचे, हे फोलीचं काम. शूटिंगच्या वेळी जनरेटर चालू असतो, फाइट मास्टर ओरडून सूचना देत असतात, त्यामुळे मारामारीचा मूळ आवाज बहुधा टाकूनच द्यावा लागतो. शिवाय आज मोठा तेलुगू चित्रपट हिंदी, तमिळ, कन्नड, मल्याळममध्येही जातो. मूळ संवादांचा ट्रॅक काढला की त्याला चिकटलेली पावलं, कपड्यांची सळसळ, दाराची कडी हेही निघून जातं. नाशिकमध्ये बसून हिंदीत डब झालेला तेलुगू सिनेमा बघणाऱ्याला नायकाची जी पावलं ऐकू येतात, ती अशाच एखाद्या बंद खोलीत चाललेल्या दुसऱ्याच कुणाची तरी असतात.

इथे तो चालणारा माणूस पन्नाशीचा, अंगानं किरकोळ, अंगात धुऊन मऊ झालेला सुती बनियन. कडक कापड सळसळतं, म्हणून इथे ते चालत नाही. घड्याळही काढून ठेवायचं. मदतनीस त्यांना अन्ना म्हणत होते, मीही तेच म्हणू लागलो. जमिनीत चौकोनी खड्डे होते: एकात वाळू, एकात खडी, एकात शहाबादी फरशी, एकात लाकडी फळ्या. भिंतीला मोटारीचा सुटा दरवाजा टेकवलेला. मांडणीवर जोडेच जोडे. आणि सगळ्यावर ग्रीसचा वास. रेकॉर्डिंग सुरू झालं की एसी बंद होतो. बंद खोलीत तो वास घशाशी येतो. संध्याकाळी बाहेर पडल्यावरही तो माझ्या शर्टाला होता.

त्या दिवशी मारामारीचं रीळ होतं. रीळ आता फक्त नावाला, सगळं संगणकावर; पण शब्द टिकून आहे. नायक गोदामात शिरतो, जिना चढतो, वर सात-आठ जणांना लोळवतो. आधी पावलं, मग कपडे, मग हातातल्या वस्तू, असे तीन फेरे. अन्नांनी नायकासाठी जाड टाचेचे बूट चढवले, पडद्याकडे नजर लावली आणि जागच्या जागी जिना चढू लागले. गुडघे पडद्यावरच्या गुडघ्यांबरोबर उचलले जात होते. सहा पायऱ्या. ध्वनिमुद्रकानं काचेमागून अंगठा वर केला. अन्नांनीच मान हलवली, “दोन फ्रेम मागे पडलो.”

सेकंदाला २४ फ्रेम. दोन फ्रेम म्हणजे सेकंदाचा बारावा भाग. एवढं कुणाला कळतं, असं मी विचारलं. कानाला कळत नाही, डोळ्याला कळतं, असं ते म्हणाले. दोन फ्रेम उशिरा पडलेलं पाऊल नायकाचं राहत नाही, मागून चालणाऱ्या दुसऱ्याच कुणाचं तरी वाटतं. ते तो जिना पुन्हा चढले, परत चढले. दोन फ्रेमसाठी घामानं भिजलेला माणूस मी तिथे पहिल्यांदा पाहिला.

साखळीचा विषय मीच काढला. त्यांनी कोपऱ्यातल्या डब्यातून तीन साखळ्या काढून फरशीवर ठेवल्या. नवी कोरी साखळी नाण्यांसारखी किणकिणते, उपयोगाची नाही. फार गंजलेली खरखरते. वापरलेली, ग्रीस खाल्लेली आणि मधूनच कोरडी पडलेली हवी. ती आधी थोडी अडते आणि मग सुटते. त्यांनी ती मुठीभोवती गुंडाळून माझ्या कानाजवळ ओढली. खोलीत दुसरा कसलाही आवाज नव्हता. माझ्या मानेवर काटा आला.

मग मी विचारलं, या मारामारीला संगीत कसं आहे? त्यांना माहीत नव्हतं. ते कधीच माहीत नसतं, कारण पार्श्वसंगीत, इथल्या भाषेत रीरेकॉर्डिंग, दुसरीकडे चालू असतं आणि बहुधा सगळ्यात शेवटी येतं. तिकडे संगीतकारही अन्नांची पावलं न ऐकताच ठेका बांधतो. एकाच मारामारीचे हे दोन कारागीर एकमेकांना ऐकतात ते थेट मिक्सिंगमध्ये, आणि तेही प्रत्यक्ष नव्हे; तिसराच माणूस दोघांचे ट्रॅक एकत्र करतो.

‘शिवा’चं संगीत इलयाराजांचं. रीळ बघायचं, मग वाद्याला हात न लावता थेट कागदावर स्वरलेखन करून वादकांपुढे ठेवायचं, ही त्यांची ख्यातीची पद्धत. पुढच्याच वर्षी आलेला ‘अंजली’ हा त्यांचा पाचशेवा चित्रपट. म्हणजे त्यांच्यामागेही घाई होतीच. तरी ‘शिवा’त लहान मुलीला सायकलवर घेऊन नायक जीव तोडून पळतो तेव्हा संगीत धावतं, आणि इतर ठिकाणी लोखंडाला, पावलांना, खलनायक भवानीच्या भूमिकेतल्या रघुवरनच्या संथ बोलण्याला वाट मोकळी ठेवतं. याच चित्रपटातून पुढे आलेला जे. डी. चक्रवर्ती नऊ वर्षांनी वर्मांच्याच ‘सत्या’त मुंबईला आला. त्या चित्रपटातलं संदीप चौटांचं पार्श्वसंगीत आणि भिकू म्हात्रेची मुंबई मराठी प्रेक्षकाला जवळची आहे. तिची एक वाट ‘शिवा’तल्या कॉलेजातून निघते, हे मला महत्त्वाचं वाटतं.

काही दिवसांनी त्याच रिळाचं मिक्सिंग बघायला मिळालं. संगीत आदल्या रात्री आलं होतं. गोदामाचं दार उघडलं आणि ढोल सुरू झाले, त्यावर पितळी वाद्यं, त्यावर पुरुषांचा कोरस. मिक्सिंग करणाऱ्या तरुणानं फोलीचा फेडर खाली घेतला, थोडा आणखी खाली. साखळी गेली. कपडे गेले. सात-आठ जण पडले, त्यांचं पडणंही गेलं. नायकाची एंट्री आहे, थिएटर हललं पाहिजे, असं त्यानं सांगितलं. कामात तो तरबेज होता, त्याला दोष द्यावासा वाटत नाही. पण मला ते ऐकवेना. थिएटर हलवणं आणि माणूस हलवणं यातला दुसरा भाग त्या खोलीत कुणी विचारातच घेत नव्हतं. जिन्यावर मात्र ठेका क्षणभर तुटला आणि सहा पावलं स्वच्छ ऐकू आली. संगीतकारानं ती जागा सहज सोडली असावी. पावलं त्यानं ऐकलेली नव्हती. अख्ख्या मारामारीत अंगावर आलं ते तेवढंच.

अन्नांना मी हे फोनवर सांगितलं. ते दुसऱ्या चित्रपटाच्या घोड्यांवर काम करत होते. फोलीचा कच्चा ट्रॅक आधी संगीतकाराकडे गेला तर दोघांचंही काम सोपं होईल, असं मी म्हटलं. त्यात नवीन काही नाही, ते म्हणाले, आम्ही सगळे हेच म्हणतो. पण त्यासाठी संकलन एक आठवडा आधी पक्कं व्हायला हवं. संक्रांतीच्या प्रदर्शनाची तारीख पोस्टरवर आधी छापली जाते आणि फायटिंगचे कट शेवटच्या रात्रीपर्यंत बदलत राहतात. त्याच जिन्याचे दोन शॉट नंतर कापले गेले होते, म्हणून त्यांना तो पुन्हा चढावा लागला होता.