पायलट व्हायचंय? फ्लाइंग स्कूलची फी भरण्याआधी हे एक गणित नक्की करा



दोन महिन्यांपूर्वी माझ्या मावसभावाचा फोन आला. "दादा, एका फ्लाइंग स्कूलची लिंक पाठवलीय. वेबसाइट बघून सांग ना, चांगली आहे का? सोमवारपर्यंत ॲडव्हान्स भरला तर फीमध्ये डिस्काउंट आहे म्हणे."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, विमानातलं मला काही कळत नाही. पण हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता, कारण फी साधारण ५० लाख होती आणि त्यासाठी मावशी-काका सिडकोतलं राहतं घर बँकेकडे तारण ठेवणार होते. त्यात माझ्या कॉलेजच्या बॅचमधला एक मित्र अशाच एका संस्थेत "१४ महिन्यांत लायसन्स" ऐकून गेला होता आणि त्याला तीन वर्षांहून जास्त लागली. फसवणूक अशी काही झाली नव्हती. त्याचा नंबरच येत नव्हता!

म्हणून वेबसाइटचं कौतुक बाजूला ठेवून मी थोडा अभ्यास केला. तोच आज सोप्या भाषेत सांगतो.

आधी बेसिक: लायसन्सला लागतं काय?

विमान कंपनीत नोकरीसाठी कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल लागतं. ते देते डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. सीपीएलसाठी मुख्य गोष्टी अशा:

- वय किमान १८ वर्षं. शिकाऊ लायसन्स १६ व्या वर्षी मिळू शकतं.
- सध्याच्या नियमानुसार बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स. हे विषय नसतील तर एनआयओएससारख्या मुक्त शिक्षण मंडळातून नंतर देता येतात.
- डीजीसीएची मेडिकल तपासणी: आधी क्लास २, मग क्लास १.
- नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम, विमानाचं तांत्रिक ज्ञान अशा लेखी परीक्षा, प्रत्येकीत किमान ७० टक्के. शिवाय रेडिओवर बोलण्याचं आरटीआर लायसन्स.
- एकूण २०० तास उड्डाण. त्यातले किमान १०० तास तुम्ही स्वतः विमानाचे प्रमुख म्हणून. त्यात ३०० नॉटिकल मैलांचा, म्हणजे साधारण ५५५ किलोमीटरचा एक लांब प्रवासही येतो.

यातली पहिली चार कामं फ्लाइंग स्कूलशिवायही बऱ्यापैकी होतात. अनेक मुलं लेखी परीक्षा बाहेर क्लास लावून देतात. स्कूलकडून तुम्ही खरं म्हणजे विकत घेता ते २०० तास. आणि घोळ तिथेच होतो. २०० तास मिळणार हे सगळेच सांगतात, *महिन्याला किती तास* मिळणार हे कुणी सांगत नाही.

तत्काळ तिकिटासारखं आहे हे

सकाळी १० वाजता तत्काळ बुकिंगला काय होतं? सीट ७०, बुकिंगला बसलेले हजारो. ॲप कितीही चकाचक असलं तरी सीट वाढत नाहीत. फ्लाइंग स्कूलचंही तसंच आहे. विमानं ठरावीक, दिवसाचे उडण्यालायक तास ठरावीक आणि रांगेत विद्यार्थी. चला, आकडे घालून बघू. हे आकडे उदाहरणासाठी घेतलेत, तुम्ही तुमच्या स्कूलचे घाला.

- ब्रोशरमध्ये विमानं ६. पण छोट्या विमानांची दर ५० आणि १०० तासांनी तपासणी करावी लागते, सुटे भाग यायला वेळ लागतो. म्हणून रोज उडणारी धरा ४.
- एक विमान दिवसाला ५ तास आणि महिन्यात २२ दिवस उडालं, तर ४ × ५ × २२ = ४४० तास.
- पावसाळ्याचे ४ महिने अर्धंच उड्डाण झालं, असं धरलं तर वर्षाची सरासरी येते महिन्याला साधारण ३६७ तास.
- उड्डाणाच्या टप्प्यात विद्यार्थी ६० असतील, तर प्रत्येकाला महिन्याला ६ तासांच्या आसपास. २०० तासांना लागले जवळपास ३३ महिने!
- तीच विमानं, पण विद्यार्थी २५ असतील, तर महिन्याला १४ ते १५ तास. काम १४ महिन्यांत संपलं.

बघा, विमानं तीच, धावपट्टी तीच, फीसुद्धा तीच. फरक फक्त रांगेचा.

उशिराची किंमत किती?

साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात. ५० लाखांचं कर्ज ११ टक्के व्याजाने घेतलं, तर पूर्ण रक्कम उचलल्यावर वर्षाचं व्याज साडेपाच लाख. म्हणजे महिन्याला साधारण ४६ हजार. वरच्या उदाहरणातला १९ महिन्यांचा फरक म्हणजे जवळपास पावणेनऊ लाख रुपये. शिवाय तेवढे महिने पगार नाही, हॉस्टेलचा खर्च चालू आणि दर १२ महिन्यांनी क्लास १ मेडिकल पुन्हा.

म्हणून "त्यांची फी पाच लाखांनी कमी आहे" एवढ्यावर निर्णय घेऊ नका. स्वस्त स्कूल रांगेमुळे महागात पडू शकतं. आणि सीपीएलनंतर एअरबस ए३२० सारख्या मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग असतं, त्याचेही १० लाखांच्या वर लागतात. सगळे पैसे आधीच संपवून चालत नाही.

आपल्या संभाजीनगरकरांसाठी जवळ काय?

चिकलठाण्याच्या विमानतळावरून आपण प्रवासी विमानं उडताना बघतो, पण उड्डाण शिकायला बाहेर जावं लागतं. अजिंठ्याच्या रस्त्याने गेलं की जळगाव. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने देशात पाच विमानतळ फ्लाइंग ॲकॅडमींसाठी निवडले, त्यात बेळगाव, कलबुर्गी यांच्यासोबत जळगावही होतं. कन्नडचा घाट उतरून पुढे धुळे आणि त्याच्याही पुढे शिरपूर, दोन्हीकडे प्रशिक्षणाची विमानं उडत आली आहेत. बारामती, गोंदियाजवळची बिरसी आणि चंद्रपूरची मोरवा धावपट्टी हीसुद्धा याच यादीतली नावं. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाने ३४ विमानांची, वर्षाला १८० पायलट तयार करणारी ॲकॅडमी जाहीर केली आहे. राज्याबाहेर बघाल तर केंद्र सरकारची इग्रुआ उत्तर प्रदेशात फुरसतगंजला आहे.

"घराजवळ आहे" हा मुद्दा मात्र शेवटी ठेवा. पण हवामान बघाच. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये दुपारी ४० च्या वर पारा जातो. गरम हवा विरळ असते, त्यामुळे इंजिनाची ताकद आणि पंखांना मिळणारी उचल दोन्ही कमी होतात, शिवाय हवेचे झटके बसतात. म्हणून उन्हाळ्यात बरंचसं उड्डाण सकाळी उरकतात. पावसाळ्यात ढग खाली आले की नवशिक्यांची विमानं जमिनीवरच. प्रवासी विमानांची गर्दी असलेल्या विमानतळावर टेक-ऑफसाठी थांबावं लागतं, ते वेगळंच.

मोबाइलवर काय तपासता येतं?

आता आपल्या कामाचा भाग.

*१. डीजीसीएची वेबसाइट.* मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांची यादी इथे असते. स्कूलचं नाव आणि तळ त्यात आहे का आणि मान्यता चालू आहे का, ते आधी बघा. दुसऱ्या संस्थेचे "पार्टनर" किंवा "ॲडमिशन ऑफिस" म्हणवणारेही असतात. अशा वेळी करार नेमका कुणाशी होणार, ते विचारा.

*२. डीजीसीएचं रँकिंग.* ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए फ्लाइंग स्कूलना ए++, ए, बी, सी अशा श्रेणी देतं, वर्षातून दोनदा. पहिल्या यादीत ३५ संस्था होत्या. ए++ आणि ए मध्ये एकही नाही, बी मध्ये १३ आणि सी मध्ये २२. सी म्हणजे ५० टक्क्यांपेक्षा कमी गुण. "आम्ही देशात नंबर वन" असं कुणी म्हणालं, तर आधी श्रेणी विचारा.

*३. फ्लाइटरडार२४.* भारतात नोंदलेल्या विमानांचे नंबर व्हीटी या अक्षरांनी सुरू होतात. ॲपमध्ये त्या धावपट्टीवर झूम करा आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बघा, किती वेगवेगळे नंबर घिरट्या घालताना दिसतात. ब्रोशरमध्ये १० विमानं आणि आठवडाभरात दिसली ३, तर तो तुमचा पहिला प्रश्न. एक लक्षात ठेवा, खूप खालून उडणारं विमान जवळ रिसीव्हर नसेल तर ॲपवर दिसत नाही. त्यामुळे याला पुरावा समजू नका, चौकशीची सुरुवात समजा.

*४. एएआयबीची वेबसाइट.* विमान अपघातांचे तपास अहवाल इथे सगळ्यांसाठी खुले असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमानं कोसळली. त्यानंतर डीजीसीएने त्या संस्थेचं सगळ्याच तळांवरचं उड्डाण प्रशिक्षण थांबवलं होतं. म्हणजे सुरक्षेतली ढिलाई आधी जिवावर बेतते आणि मग बाकीच्या सगळ्यांचं शिक्षणही अडकतं.

प्रत्यक्ष जाऊन विचारायचे ७ प्रश्न

1. आज सकाळी किती विमानं उडाली? हँगरमध्ये उभी किती आणि कधीपासून?
2. उड्डाणाच्या टप्प्यात सध्या किती विद्यार्थी आहेत? पुढच्या सहा महिन्यांत किती येणार?
3. पूर्णवेळ इन्स्ट्रक्टर किती? विमान रिकामं आहे पण इन्स्ट्रक्टर नाही, असंही होतं.
4. मागच्या वर्षी २०० तास पूर्ण केलेल्यांना प्रत्यक्षात किती महिने लागले?
5. विमानांची देखभाल इथेच होते की बाहेर पाठवता?
6. दोन इंजिनांचं विमान स्वतःचं आहे का? नसेल तर ते तास कुठे आणि किती वाट बघून?
7. फी हप्त्यांत, उडालेल्या तासांप्रमाणे घेता का? मध्येच सोडलं तर किती परत मिळेल, ते लेखी द्याल का?

यातला चौथा प्रश्न ऑफिसात विचारा आणि मग चहाच्या टपरीवर तिथल्याच मुलांनाही विचारा. "तुझं लॉगबुक दाखवशील का, मागच्या तीन महिन्यांत किती तास झाले?" एवढं पुरे. दोन्ही उत्तरं जुळली तर बरं. चार-पाच मुलांची लॉगबुकं बघितलीत की वरचं गणित मांडायचीही गरज उरत नाही.

आणि कुणी "तास लवकर भरून देतो" म्हणालं, तर तिथूनच परत फिरा. २०११ मध्ये खोट्या गुणपत्रिका आणि न उडालेले तास दाखवून लायसन्स मिळवल्याची प्रकरणं देशात उघड झाली होती. लायसन्सं गेली, लोकांना अटक झाली. आणि उद्या तुमच्या मागे दीडशे प्रवासी बसणार आहेत, हेही विसरू नका.

क्रम कसा ठेवायचा?

आधी मेडिकल, मग पैसे. रंग ओळखण्यात अडचण किंवा दुसरी एखादी गोष्ट क्लास १ मध्ये निघाली, तर ती फी भरण्याआधी कळलेली बरी. त्यानंतर डीजीसीएकडून कॉम्प्युटर नंबर घेऊन लेखी परीक्षा सुरू करा. जितके पेपर आधी सुटतील, तितकं स्कूलमध्ये गेल्यावर लक्ष उड्डाणावर राहील. मग दोन-तीन स्कूल प्रत्यक्ष बघा. परदेशात जायचा विचार असेल, तर परत आल्यावर भारतीय लायसन्समध्ये रूपांतर करावं लागतं. तो वेळ आणि खर्च हिशोबात धरा.

माझ्या मावसभावाचं काय झालं? त्या स्कूलला त्याने फोनवर पहिले दोन प्रश्न विचारले. उत्तर आलं, "ते ॲडमिशननंतर कळेल." सोमवार आला आणि गेला, डिस्काउंट अजून चालूच आहे! त्याचं क्लास २ मेडिकल झालंय, क्लास १ ची तारीख मिळालीय आणि सध्या तो हवामानशास्त्राचा पेपर घोकतोय. पुढच्या महिन्यात काकांबरोबर दोन ठिकाणी जाऊन येणार आहे, प्रश्नांची यादी मोबाइलमध्ये सेव्ह आहे. घराची कागदपत्रं अजून मावशीच्या कपाटातच आहेत.

तुमच्या ओळखीत कुणी पायलट व्हायचं म्हणत असेल, तर त्यांना ॲडव्हान्स भरण्याआधी हे गणित नक्की दाखवा.