जोडीदाराचा कॅनडाचा व्हिसा नाकारला तर...

परदेशस्थ मुलाशी अथवा मुलीशी विवाह झाला, की कागदपत्रांची जुळवाजुळव सुरू होते आणि घरची मंडळी प्रस्थानाच्या दिवसाची वाट पाहू लागतात. अशा वेळी कॅनडाच्या व्हिसा कार्यालयाकडून ‘अर्ज नामंजूर’ असे पत्र आले, तर दोन्ही घरांवर आभाळ कोसळते. आपले लग्नच खोटे ठरवले गेले, ही भावना मनाला लागते. मात्र त्या संतापात पहिले दिवस दवडणे परवडणारे नसते. कारण अपिलाची मुदत अवघी 30 दिवसांची असून, नकाराचा निर्णय हाती पडल्यापासून ती मोजली जाते.

अपील कोणी करावे?

2002 मध्ये अमलात आलेल्या कॅनडाच्या स्थलांतर व निर्वासित संरक्षण कायद्यानुसार हा अधिकार प्रायोजकाला, म्हणजे कॅनडात राहणाऱ्या नागरिक अथवा कायम रहिवासी असलेल्या पती वा पत्नीला आहे. पुण्यात किंवा नागपुरात व्हिसाची वाट पाहणारा जोडीदार स्वतः अपील करू शकत नाही. अपील ‘इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्ड’च्या अपील विभागाकडे करावे लागते. व्हिसा देणाऱ्या खात्यापासून हे मंडळ स्वतंत्र आहे. अपिलासाठी शुल्क नाही आणि मागणी केल्यास दुभाषाही विनामूल्य मिळतो.

या अधिकाराला काही अपवाद आहेत. प्रायोजक अपात्र ठरल्यास अर्ज मागे घ्यावा, असा पर्याय अर्जातच निवडला असेल आणि तो अपात्र ठरला, तर अपिलाची वाट बंद होते. जोडीदार कॅनडातच राहत असताना तेथील अंतर्गत प्रवर्गातून केलेला अर्ज नाकारला गेला, तर या विभागाकडे अपील करता येत नाही. फेडरल कोर्टाकडे जावे लागते. देशाची सुरक्षा किंवा गंभीर गुन्हेगारी या कारणांवरून झालेल्या नकारालाही येथे दाद नाही.

दोन प्रश्न, दोन काळ

विवाहाच्या सच्चेपणाबाबत अधिकाऱ्याचे समाधान न होणे, हे नकाराचे एक नेहमीचे कारण असते. यात नियम दोन प्रश्न विचारतो. विवाह आज खरा आहे का? आणि तो करताना मुख्य हेतू स्थलांतराचा लाभ मिळवणे हा होता का? 2010 च्या दुरुस्तीनंतर यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर विरोधात गेले, तरी अर्ज फेटाळता येतो. म्हणजे आजचा सुखी संसार दाखवणे पुरेसे नाही. लग्न ठरले त्या वेळचा हेतूही सिद्ध करावा लागतो. नंतरची वागणूक मात्र त्या हेतूवर प्रकाश टाकू शकते. अपत्य झाले असेल, तर त्याला मोठे वजन असते.

अपील म्हणजे अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती नव्याने होणारी सुनावणी असते. मूळ अर्जात नसलेला, अगदी नकारानंतरचा पुरावाही तेथे मांडता येतो. पुराव्याचा भार मात्र प्रायोजकावर असतो. म्हणून नकारपत्रातील प्रत्येक कारण आणि अधिकाऱ्याच्या नोंदी समोर ठेवून एकेका आक्षेपाला उत्तर तयार करणे, हीच खरी तयारी होय.

आपल्या रिवाजाचे स्पष्टीकरण

तीन आठवड्यांच्या रजेत कांदेपोहे, साखरपुडा आणि लग्न उरकणे आपल्याकडे नवलाचे नाही. ठरवून केलेले लग्न म्हणजे खोटे लग्न, असे मंडळही मानत नाही. अडचण येते ती रिवाज मोडल्यासारखा दिसतो तेव्हा. मोजक्या माणसांत नोंदणी पद्धतीने झालेला विवाह, वधूचे वय अधिक असणे, घटस्फोटितेशी प्रथमवराचा विवाह, जवळच्या नातेवाइकांची अनुपस्थिती अशा गोष्टींनी अधिकाऱ्याच्या मनात शंका येते. त्यामागे साधी, मानवी कारणे असतात. पण ती कागदावर यावी लागतात. स्थळ सुचवणाऱ्या मध्यस्थाचे व पालकांचे प्रतिज्ञापत्र, लग्न ठरण्यापूर्वीचा पत्रव्यवहार, आधीच्या घटस्फोटाचा न्यायालयीन हुकूमनामा यांचा येथे उपयोग होतो.

विवाहानंतरच्या संबंधांसाठी भेटींच्या नोंदी असलेले पारपत्र, पैसे पाठवल्याच्या पावत्या, विमा वा बँक खात्यातील नामनिर्देशन आणि संभाषणाच्या नोंदी द्याव्यात. एकाच आठवड्यातील शेकडो संदेशांपेक्षा दोन वर्षांत विखुरलेले थोडके संदेश अधिक बोलके ठरतात. मराठी कागदपत्रांसोबत इंग्रजी वा फ्रेंच भाषांतर व भाषांतरकाराचे निवेदन आवश्यक असते. बनावट पुरावा देण्याचा विचारही करू नये; खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास पाच वर्षे कॅनडाचे दार बंद होऊ शकते.

सुनावणीत प्रायोजकाची प्रत्यक्ष अथवा दृक्‌श्राव्य माध्यमातून, तर भारतातील जोडीदाराची दुरून साक्ष होते. एकमेकांची नोकरी, पूर्वायुष्य, सासरची माणसे, भविष्याचे बेत असे प्रश्न येतात. उत्तरे पाठ केलेली असली तर ते लपत नाही. आधीच्या मुलाखतीत चुकीचे उत्तर गेले असेल, तर ते नाकारण्यापेक्षा कारण सांगणे हिताचे.

अपील की नवा अर्ज?

नवा अर्ज केव्हाही करता येतो. कागद अपुरे होते एवढाच दोष असेल, तर तो मार्ग लवकर फळू शकतो. परंतु तोच पुरावा पुन्हा जोडला, तर उत्तरही तेच येण्याची शक्यता असते. दुसरीकडे, अपील गुणवत्तेवर हरल्यास त्याच मुद्द्यावरील पुढचे अपील ‘आधीच निकाली निघालेले’ म्हणून थांबवले जाऊ शकते. त्यामुळे अर्धवट तयारीने केलेले अपील न केलेल्या अपिलापेक्षा महाग पडू शकते.

मानवतेच्या आधारे दया मागता येईल, हा भरवसाही जपून धरावा. तो आधार अपात्रतेसारख्या अन्य कारणांसाठी आहे. विवाहच खरा नाही असे ठरले, तर मंडळाला त्याचा विचार करता येत नाही.

अपील मंजूर झाले, तरी व्हिसा लगेच हाती पडत नाही; प्रकरण पुढील प्रक्रियेसाठी व्हिसा कार्यालयाकडे परत जाते. फेटाळले गेल्यास 15 दिवसांत फेडरल कोर्टाची परवानगी मागता येते. तेथे विवाह नव्हे, तर मंडळाचा निर्णय तपासला जातो. म्हणूनच सल्ला घ्यायचा तो कॅनडातील वकिलाचा किंवा या मंडळापुढे उभे राहण्याचा परवाना असलेल्या सल्लागाराचा. तो पहिल्या आठवड्यातच घ्यावा आणि नकारपत्राचे पाकीट, ई-मेल व त्यांवरील तारखा जपून ठेवाव्यात.