मोटारीचा गंज आणि स्प्रेचा डबा

मोटारीच्या दाराच्या खालच्या कडेला, रंगाखाली आलेला लहानसा फुगवटा आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. आरंभी तो हरभऱ्याएवढा असतो. बोटाने दाबला तर किंचित दबतो, नखाने खरवडला तर रंगाचा पोपडा निघतो आणि खाली तांबूस भुकटी दिसते. अशा वेळी गृहस्थाच्या मनात पहिला विचार येतो तो हा, की बाजारात तयार रंगाचा स्प्रेचा डबा मिळतो; तो आणावा, रविवारी सकाळी दोन हात फिरवावेत आणि मोकळे व्हावे. हा विचार निम्मा बरोबर आहे. घरी हे काम होऊ शकते, आणि चांगले होऊ शकते. परंतु त्यात डब्याचा वाटा अगदी शेवटचा, आणि श्रमाच्या हिशेबाने पाहिले तर सर्वांत लहान आहे. त्याआधीच्या वाट्याविषयी मला आज मुख्यतः बोलावयाचे आहे.

माझी गाडी जुनी मारुती ८००. हे वाहन १९८३ च्या डिसेंबरात प्रथम रस्त्यावर आले आणि २०१४ च्या जानेवारीत त्याचे उत्पादन थांबले. माझी गाडी त्यातल्या उत्तरार्धातली. इंदूरला असताना मी ती वापरलेली अशी विकत घेतली. माळव्याच्या कोरड्या हवेत ती सहा वर्षे निर्धास्त उभी राहिली. पुढे बिऱ्हाड गोव्यात, समुद्रापासून जवळ हलविले, आणि दोन पावसाळ्यांत डाव्या दाराला तो हरभरा उगवला.

लोखंड गंजावयाचे तर पाणी आणि प्राणवायू ही दोन्ही लागतात. खारी हवा या कामात दोन प्रकारे हातभार लावते. मीठ ओलावा ओढून धरते, त्यामुळे पत्रा लवकर सुकत नाही. आणि पाण्यात विरघळलेले मीठ त्या पाण्याला चांगले विद्युत्‌वाहक बनविते. गंजणे ही क्रियाच विद्युत्‌-रासायनिक असल्यामुळे ती मग झपाट्याने चालते. शिवाय गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. तोच आतून रंगाला वर उचलतो. म्हणजे फुगवटा नजरेस पडतो तेव्हा रोग बराच जुना झालेला असतो. दाराच्या बाबतीत तर तो बहुधा आतल्या बाजूने सुरू होतो. काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या पोकळीत उतरते आणि तळाच्या लहान भोकांतून बाहेर पडते. ही भोके पाला आणि चिखल यांनी बुजली, की दार म्हणजे पाणी भरलेली पन्हळ होते.

कारखान्यात या पत्र्याला फॉस्फेटचे लेपन करतात, विजेच्या साहाय्याने सगळा सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवून काढतात, वर दुसरा प्रायमर, मग रंग आणि पुष्कळदा त्यावर पारदर्शक क्लिअर कोट देतात. हे सगळे थर मिळून जाडी भरते ती मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढी. एवढ्याशा पापुद्र्याच्या भरवशावर लोखंड पावसात फिरते. तो जेथे फाटला तेथे आपण घरी जे करणार, ते त्या हौदाची बरोबरी कधी करणार नाही, हे आरंभीच मान्य केलेले बरे.

मी दार खरवडावयास बसलो आणि उत्साहाच्या भरात त्याखालच्या भागावरही पटाशी फिरविली. दाराखाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पत्र्याची एक पोकळ तुळई जाते. पुष्कळ गॅरेजांत तिला रनिंग बोर्ड म्हणतात. तिचा रंग चकचकीत होता. पटाशी मात्र बसली ती थेट आत गेली. करड्या पुट्टीचे तळहाताएवढे ढलपे निघाले आणि त्यांच्यामागून बाहेर आला तो वर्तमानपत्राचा दडपून भरलेला बोळा. कागद हिंदी होता, भिजून कुजलेला होता, आणि त्यावरील बाजारभाव अजून वाचता येत होते. कोणा कारागिराने, मी गाडी घेण्यापूर्वी केव्हातरी, पडलेल्या भोकात कागद कोंबून, वर पुट्टी थापून आणि रंग मारून ती विकण्याजोगी केली होती. वर्तमानपत्रांचे समाजावर अनेक उपकार आहेत, पण हा त्यांत धरता येणार नाही.

हसू आले तरी मी त्या दिवशी काम थांबविले. जुन्या जीपसारख्या वाहनाला खाली स्वतंत्र सांगाडा असतो. मारुतीसारख्या मोटारीत तसा तो नसतो. पत्र्याचे सगळे अंगच सांगाड्याचे काम करते. दाराखालची तुळई, जॅक लावण्याच्या जागा, स्प्रिंगा आणि शॉक अॅब्सॉर्बर जेथे बसतात ती ठिकाणे, सीटबेल्ट जेथे पक्के केलेले असतात ते कोपरे, हे सर्व या अंगाची हाडे होत. त्या डाव्या बाजूला माझी मुलगी बसत असे. बाजूने धक्का बसला असता तर तिच्या आणि रस्त्याच्या मध्ये कागदाचा बोळा होता. या हाडांना पुट्टीने भरणे ही दुरुस्ती नव्हे. तेथे कुजलेला पत्रा कापून काढून त्याच्याच जाडीचा नवा पत्रा वेल्डिंगने बसवावा लागतो आणि ते सराईत कारागिराचेच काम आहे. मी ते तसे करवून घेतले, आणि पत्रा जोडून झाल्यावर, रंग मारण्यापूर्वी, स्वतः जाऊन डोळ्यांनी पाहिले.

तेव्हा घरी काय करावे आणि काय करू नये याची परीक्षा रंग विकत आणण्यापूर्वी करावी. संशयित जागेवर पेचकसाच्या मुठीने हलके ठोकत जावे. चांगला पत्रा टणत्कार देतो, कुजलेला अगर भरलेला भाग बद्द वाजतो. लहान लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून फिरवावा. जाड पुट्टीवर तो चिकटत नाही. प्लॅस्टिकच्या बंपरावर अर्थातच तो मुळीच चिकटणार नाही, त्यावरून घाबरू नये. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही हा चुंबक खिशात ठेवावा. दाराचे बाह्यांग, मडगार्ड, बॉनेट यांवरचा पृष्ठभागी गंज, ओरखडे आणि उथळ पोचे हे घरच्या हाताचे क्षेत्र होय.

आता प्रत्यक्ष काम. गाडी प्रथम साबणाने धुवावी, कारण मेण आणि तेल पुसण्यापूर्वी कागद घासला तर ते ओरखड्यांत आणखी खोल जाते. गंज काढण्यास ८० नंबरचा पॉलिश पेपर घ्यावा आणि फुगवट्याच्या बाहेर, निरोगी रंग लागेपर्यंत घासत जावे. हरभऱ्याएवढा डाग रुपयाहून मोठा होतो, कधी तळहाताएवढा. याने मन खचू देऊ नये. पत्रा लखलखीत झाला तरी त्याच्या बारीक खळग्यांत काळे ठिपके राहतातच. त्यांसाठी गंज-परिवर्तक द्रव मिळतात. त्यांत फॉस्फरिक आम्ल किंवा टॅनिन असते आणि ते गंजाचे रूपांतर अधिक स्थिर अशा संयुगात करते. टॅनिनचा द्रव लावला की जागा निळसर काळी पडते. पूर्वी आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करीत, तीच ही टॅनिन-लोखंडाची जोडी. मात्र हा द्रव उरलेल्या ठिपक्यांसाठी आहे. सुटे पोपडे न काढता त्यांवर तो ओतला तर तो वरच्या वर काळा होतो आणि खाली गंज चालू राहतो.

पोचा भरावयाचा तर दोन भागांची पॉलिएस्टर पुट्टी घ्यावी. तिच्यात कडक करणारा लेप वजनाने शंभरास दोन या बेताने मिसळावा लागतो. आपल्या उन्हाळ्यात ती मिसळल्यावर चार-पाच मिनिटांतच ओढाळ होते; म्हणून लिंबाएवढ्या गोळ्याहून अधिक एका वेळी कालवू नये. थर पातळ द्यावेत. येथे एक चूक सर्रास होते. सुकलेली पुट्टी पाण्याने घासली तर धूळ उडत नाही म्हणून पुष्कळ लोक ती वॉटर पेपरने ओली घासतात. परंतु या पुट्टीत शंखजिऱ्याची पूड असते आणि ती पाणी शोषते. ते पाणी प्रायमरखाली कोंडले, की पुढच्या पावसाळ्यात फुगवटा पुन्हा त्याच जागी येतो आणि दोष रंगाला दिला जातो. पुट्टी कोरडीच घासावी, लाकडी ठोकळ्याभोवती कागद गुंडाळून. प्रथम ८०, मग १८०, कडा जुन्या रंगात मिसळण्यास ३२०. पाण्याचा पेपर प्रायमर वाळल्यानंतर वापरावा. सपाटी डोळ्यांनी कळत नाही, डोळे मिटून तळहात फिरविला की कळते.

घासण्याची धूळ घरात जाऊ देऊ नये, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. आपल्या देशात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आहे. मोटारीचे रंग त्या नियमाच्या कक्षेत येत नाहीत, आणि जुन्या गाड्यांच्या पिवळ्या-तांबड्या छटांत शिसे असण्याचा संभव असतो.

उघड्या पत्र्यावर प्रथम एपॉक्सी अगर जस्तयुक्त प्रायमर द्यावा. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचविते. नेहमीचा करडा प्रायमर सच्छिद्र असतो. तो देऊन, रंग पुढच्या रविवारी देऊ म्हणून गाडी दमट हवेत उभी केली, तर केलेले श्रम व्यर्थ जातात.

एवढे झाल्यावर डबा हाती घ्यावयाचा. हा डबा १९४९ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या सिकामोर गावी एडवर्ड सेमूर या रंगाच्या व्यावसायिकाने तयार केला. पंपावरील फवारणीऐवजी डब्यातूनच रंग का उडवू नये, ही सूचना त्याच्या पत्नीची, बॉनीची. पहिला रंग होता रेडिएटरसाठीचा अॅल्युमिनियमचा. आजच्या डब्यांत रंग ढकलण्याचे काम बहुधा स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये असतात त्याच प्रोपेन-ब्युटेन जातीचे वायू करतात. तेव्हा जवळ गिझर, शेगडी, उदबत्ती, विडी यांपैकी काहीही असता कामा नये, आणि डबा उन्हात तापू देऊ नये.

आतली गोळी वाजू लागल्यापासून दोन मिनिटे डबा हलवावा. पत्र्यापासून साधारण वीतभर अंतर ठेवावे. हात आधी हलू लागावा आणि मग फवारा सुरू व्हावा. शेवटी फवारा पत्र्याच्या पलीकडे गेल्यावर बोट उचलावे. दर पट्ट्याने मागच्या पट्ट्याचा निम्मा भाग झाकावा. पहिला हात इतका विरळ असावा, की खालचा प्रायमर दिसत राहावा. ज्यांना हे पाहवत नाही ते दुसरा फवारा लगेच मारतात आणि ओघळ येतो. पाच-दहा मिनिटांच्या अंतराने तीन-चार पातळ हात पुरे होतात.

हवेचा विचार न करता हे काम करणारे आमचे मेहुणे. बेळगावच्या जुलैतल्या झिमझिम पावसात, पडवीत गाडी घेऊन त्यांनी काळ्या रंगाचे मडगार्ड रंगविले. संध्याकाळी दूरध्वनी आला, “भावोजी, रंगाला बुरशी आली हो!” बुरशी नव्हती. रंगातील द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड करते आणि दमट हवेतले पाणी त्यावर धरते, त्यामुळे रंग पांढुरका पडतो. उलट इंदूर-ग्वाल्हेरच्या मे महिन्यात फवारा पत्र्यावर पोचण्यापूर्वीच वाळतो आणि हाताला वाळूसारखा खरखरीत लागतो. कोकणपट्टीत नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दव सुकल्यावर दहाच्या सुमाराची वेळ मला सर्वांत मानवली.

रंगजुळणीविषयी फार आशा बाळगू नये. गाडीवरील पट्टीवर रंगाचा सांकेतिक क्रमांक असतो, त्यावरून रंग मिळतो. पण तो मिळतो कारखान्यातून निघालेल्या दिवसाचा. आपली गाडी त्यानंतर दहा-पंधरा उन्हाळे उभी असते. साध्या पांढऱ्या-तांबड्या रंगांत फरक खपून जातो. चंदेरी रंगांत अॅल्युमिनियमचे कण हाताच्या अंतराप्रमाणे उभे-आडवे पडतात आणि ठिगळ दुरून ओळखू येते. अशा रंगाची मोठी जागा घरी करू नये.

क्लिअर कोटचे डबे दोन जातींचे. एका जातीत बुडाशी कळ असते, ती दाबली की कडक करणारे द्रव्य आत मिसळते. हा थर पेट्रोललाही दाद देत नाही, आणि दुकानदार तोच पुढे करतो. त्या द्रव्यात आयसोसायनेट असतात. ते श्वासावाटे गेल्यास दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे त्याचा अल्पसा अंशही त्रास देतो. वासाने धोका कळत नाही. कापडी मुखपट्टीचा उपयोग शून्य. बाहेरून शुद्ध हवा पुरविणाऱ्या मुखवट्याने ते वापरतात आणि तो आपल्या घरी नसतो. मी साध्या जातीवरच भागवितो. तिच्यावर पेट्रोल सांडले तर डाग पडतो, एवढे सोसावे लागते. तिच्यासाठीही मोकळी हवा आणि सेंद्रिय वाफा अडविणाऱ्या गाळणीचा मुखवटा हवा.

माझे दार तीन रविवारांत झाले. त्यांतले दोन रविवार घासण्यात गेले. चकाकी आणणारे पॉलिश मी महिनाभर लावले नाही, कारण तोवर रंग आतून सुकत असतो. मात्र त्याच संध्याकाळी तारेने दाराच्या तळाची तिन्ही भोके मोकळी केली. पहिल्यातून मूठभर काळा चिखल आला, दुसऱ्यातून आंब्याच्या मोहोराचा भुगा, आणि तिसऱ्यातून, बाहेर ऊन असताना, पाणी ठिबकू लागले.