अंधारातली पिवळी, उजेडातली हिरवी

नवरात्रात घटाभोवती पेरलेलं धान्य चार-पाच दिवसांत तरारून वर येतं. देवघर अंधारं असेल, तर हे अंकुर लांबलचक, लवलवते आणि फिकट पिवळे निघतात. तेच गहू अंगणात पेरले असते, तर हिरवेगार झाले असते. हा सगळा प्रकाशाचा खेळ आहे.

पान हिरवं दिसतं ते हरितद्रव्यामुळे. ते घडवण्याचं बरंचसं काम गव्हाचं रोप अंधारातही उरकतं. रेणूचं कडं तयार होतं, त्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू बसतो आणि प्रोटोक्लोरोफिलाइड नावाचं द्रव्य बनतं. इथे मात्र गाडी अडते. पुढची पायरी पार पाडणारं विकर प्रकाश मिळाल्याशिवाय कामच करत नाही. पिवळेपणा देणारी कॅरोटिनॉइड द्रव्यं अंधारातही तयार होतात, म्हणून अंकुर पिवळे. असं रोप सकाळी खिडकीत आणून ठेवा. संध्याकाळपर्यंत पात्यांवर हिरवी झाक येऊ लागते.

हा अडसर रोपाच्या हिताचाच आहे. अर्धवट घडलेलं द्रव्य खूप साठलं आणि त्यावर एकदम ऊन पडलं, तर ऑक्सिजनचे घातक प्रकार निर्माण होऊन पेशी मरतात. म्हणून त्याचा साठा बेताचाच राहतो. अंधारात रोप बियाण्यातली शिदोरी उंच होऊन उजेड गाठण्यासाठी खर्च करतं. उजेड आल्याची वर्दी फायटोक्रोमसारखी प्रकाशसंवेदी प्रथिनं देतात. मग खोडाची धाव मंदावते आणि पानं पसरतात. पाइनची रोपं मात्र अंधारातही हिरवी होऊ शकतात, कारण त्यांच्याकडे प्रकाशाविना चालणारं दुसरं विकरही असतं.

ऊन जास्त झालं तरी पंचाईतच. आंब्याची कोवळी पालवी तांबूस असते, ती अँथोसायनिनमुळे. हरितद्रव्याची यंत्रणा पूर्ण उभी राहीपर्यंत हा रंग प्रखर प्रकाश अडवून पानाचं रक्षण करतो, असं मानलं जातं.

उजेडात राहिलेला बटाटाही हरितद्रव्यामुळेच हिरवा पडतो, कारण बटाटा म्हणजे जमिनीखालचं खोड. हरितद्रव्य निरुपद्रवी असतं. पण त्याच उजेडात सोलॅनिन हे विषारी द्रव्यही वाढतं आणि ते उकडून जात नाही. तेव्हा बटाटे अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवा आणि हिरवे पडलेले खाऊ नका.